शेजारचा ब्रेक

ब्रेकताई त्या दुपारी निघाली ती फक्त एक गाडी शेडबाहेर काढायला. भुताखेताचा विचार तिच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. टळटळीत ऊन होतं, पोटभर जेवण झालं होतं, आणि मुळात ही बाई भुताला घाबरणाऱ्यांतली नव्हती. भुतानंच तिला घाबरावं असा तिचा आवाज होता.

ब्रेकताई हे नाव तिला विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. ती मोटार चालवायला शिकवायची. शिकवण्याच्या गाडीत, तुम्ही पाहिलं असेल, शेजारी बसणाऱ्या मास्तराच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर मास्तरानं तो दाबायचा. बाकीचे मास्तर तो अडीअडचणीला दाबतात. ब्रेकताईचा पाय त्यावरून उतरतच नसे. समोरच्यानं चुकायचा नुसता विचार मनात आणला की गाडी गचकन उभी! तिच्या हाताखाली एकाही गाडीला कधी ओरखडा उठला नाही, ह्याचा तिला कोण अभिमान. तिचे विद्यार्थी पास होऊन स्वतःची गाडी घेत आणि लगेचच कुठल्यातरी फाटकाचा खांब पाडून येत, ती गोष्ट निराळी. "माझ्या शेजारी होते तोवर धडकले का? नाही ना? मग!" असं म्हणून ती विषय संपवायची.

शेड होती तिच्या दादाची. गाडी तिला दादानंच शिकवली होती, आणि शिकवावं कसं हेही त्यानंच. पण त्याची रीत अगदी उलटी. तो पटांगणात रिकामी पिंपं मांडायचा, त्यांच्यामधून गाडी काढायला सांगायचा आणि पेपरमिंटची गोळी चघळत, लांब पाय आखडून स्वस्थ बसायचा. पिंप पडायचं असेल तर पडू द्यायचा. मग इंजिन बंद करून शिकणाऱ्याला खाली उतरवायचा, पिंपापर्यंत चालवत न्यायचा आणि ते त्याच्याच हातानं उभं करायला लावायचा. रागावणं नाही, उपदेश नाही. "गाडी मी शिकवतो," म्हणायचा, "हळहळ मात्र ज्याची त्यानं करायची. ती काही मला तुमच्या वतीनं करता येत नाही."

बरीच वर्षं दोघं बहीणभाऊ दादाच्याच ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवत होते. मग एकदा भर वर्गात दादा तिला म्हणाला, "अगं, तू गाडी शिकवत नाहीस, नुसती थांबवतेस." पोरं खो खो हसली. झालं! ब्रेकताईनं किल्ली टेबलावर आपटली, रस्त्यापलीकडे स्वतःची शाळा काढली आणि बोलणं टाकलं. पुढे एका संध्याकाळी दादा तिच्या दारासमोर गाडी घेऊन आला. दोनदा हॉर्न वाजवला, जरा थांबला आणि निघून गेला. ती काही बाहेर आली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा झोपेतच गेला.

कुणी चाचरत विचारलं, की वाईट वाटत असेल ना हो, तर ब्रेकताई ठणकावून सांगायची, "मला पश्चात्ताप-बिश्चात्ताप होत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं." विचारणाराच बिचारा ओशाळायचा.

आता राहिली वहिनी, म्हणजे दादाची बायको. शाळेचं ऑफिस इतकी वर्षं तिनंच सांभाळलेलं. रस्त्याचे सगळे नियम तोंडपाठ, कुठल्या नटाला कुठला पाना हेही ठाऊक, फक्त स्टिअरिंगला कधी हात लावलेला नव्हता. दादाच्या मागे तिनं ठरवलं, की गाडी शिकायची आणि शाळा आपण चालवायची. परीक्षेची तारीख घेऊन ती मोकळीही झाली. नापास झाली तर शेड दुसऱ्याला आणि दादाची गाडी भंगारात, हेही तिनं ठरवूनच टाकलं होतं. आणि शिकवायला बोलावलं कुणाला, तर नणंदेला.

"वन्सं, तुमच्याशिवाय आहे कोण मला?" असं ती फोनवर म्हणाली होती. वन्सं म्हणायची चाल कधीच गेली, पण वहिनी ते मुद्दाम म्हणायची, खोडी काढायला. ब्रेकताईला नाही म्हणता आलं नाही.

तर तिनं शेडचं दार सरकवलं. आत गारवा होता, जुन्या रबराचा आणि तेलाचा वास होता. दादाची गाडी धूळ खात उभी असेल असं तिला वाटलं होतं, पण काचा लख्ख होत्या. ती मास्तराच्या सीटवर बसली आणि तिचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीट पार मागे सरकवलेली होती, उंच माणसासाठी सरकवतात तशी. तिनं ती पुढे ओढली. मास्तराचा छोटा आरसाही तिनं खाली वळवून घेतला, कारण त्यात तिला नुसतं छत दिसत होतं.

"सीट तू मागे केलीस होय गं?" वहिनी आल्यावर तिनं विचारलं.

"मी कशाला करू? मी तर आत्ता दुसऱ्या बाजूला बसणार आहे," वहिनी म्हणाली आणि मोठ्या थाटात स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

पहिला धडा म्हणजे नुसता गोंधळ. वहिनीनं गिअर टाकला की ब्रेक. वहिनी जरा वळली की ब्रेक. पिंप दिसलं की ब्रेक.

"अहो वन्सं, मी अजून काही केलंच नाही!"

"करणार होतीस."

"मग करू द्या की! काय करणार होते ते मला तरी कळू दे."

"कळायला पिंप पाडायची गरज नसते," ब्रेकताई म्हणाली. दिवस मावळेपर्यंत गाडी पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सीट पुन्हा मागे. आरसा पुन्हा छताकडे. ब्रेकताईनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं ब्रेकताईकडे. शेडची किल्ली दोघींकडेच होती. वहिनी वाह्यातपणा करतेय असं ब्रेकताईनं मनाशी धरलं, आणि नणंद खोडी काढतेय असं वहिनीनं. ब्रेकताईनं सीट पुन्हा पुढे ओढली.

त्या दिवशी पिंपांच्या मधे वहिनीनं गाडी चुकीची वळवली. ब्रेकताईचा पाय सवयीनं गेला. पेडल खाली जाईना. तिनं जोर लावला. पेडल लोखंडासारखं घट्ट झालं असतं तर तिनं समजून घेतलं असतं, की काहीतरी अडकलंय. पण ते तसं नव्हतं. ते किंचित दबत होतं, आणि खालून कुणीतरी तितक्याच जोरानं ते वर ढकलत होतं. दार लावताना पलीकडून कुणी रेटून धरावं, तसं.

धाडकन पिंप पडलं. वहिनीनं जीभ चावली. मग हसली, इंजिन बंद केलं आणि कुणी न सांगता खाली उतरून पिंपाकडे चालत गेली. ते उभं करताना तिचं हसू मावळलं. पिंपाला चांगलाच पोचा आला होता. त्यावरून ती हात फिरवत राहिली.

"माणूस असतं तर..." ती स्वतःशीच म्हणाली. मग पुन्हा गाडीत बसली, "आरशात बघायचं राहिलं होतं माझं," म्हणाली, आणि पिंपांमधून गाडी अशी काढली की बघत राहावं.

ब्रेकताईनं कौतुक केलं नाही. ती पायाकडे बघत होती. गाडीत पेपरमिंटचा वास येत होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आपण भित्रे नाही ह्यावर ब्रेकताईचा ठाम विश्वास होता. म्हणून तिनं गाडी सरळ मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री खाली घुसला, आत वाकला, हातानं पेडल दहा वेळा दाबून पाहिलं.

"ब्रेक लोण्यासारखा आहे, ताई. काही बिघाड नाही."

"नीट बघ."

मिस्त्रीनं टॉर्च लावून पेडलच्या खालून पाहिलं. बोट फिरवून त्यानं तिला दाखवलं. बोटाला काळं लागलं होतं.

"बुटाचं पॉलिश आहे. ताजं. पण हे वरून लागायला हवं ना, पाय ठेवतात तिथे? हे लागलंय खालच्या बाजूला." त्यानं बोट फडक्याला पुसलं. "ह्या गाडीत उलटं कोण बसतं हो?"

ब्रेकताईच्या पायात सपाता होत्या. दादा रोज सकाळी बूट चकचकीत करूनच घराबाहेर पडायचा, हे मिस्त्रीलाही ठाऊक होतं. त्या दिवशी त्यानं मजुरी घेतली नाही.

परत आल्यावर, गाडी शेडमधे लावून, ब्रेकताई मास्तराच्या सीटवर एकटीच बसून राहिली. बाहेर लख्ख दुपार होती, पण शेडच्या पत्र्याखाली उजेड मळकट होता. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. तिनं पेडलवर पाय ठेवला. ते अलगद खाली गेलं, अलगद वर आलं.

"चावटपणा पुरे," ती रिकाम्या गाडीला म्हणाली. "मला कसलाही पश्चात्ताप होत नाही, कळलं?"

पेडलनं तिचा पाय वर उचलला. हळूच, गुडघा दुमडेपर्यंत. आणि मग तिच्या लक्षात आलं, की सीट मागे कोण सारतं हे विचारण्यात काही अर्थ नाही. ती ज्या सीटवर बसली होती, त्याच सीटवर आणखी कुणीतरी बसलेलं होतं, आणि त्याचे पाय तिच्या पायांच्या पुढे पोचत होते.

ती शेडबाहेर कशी आली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. एक सपात आतच राहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकं झाल्यावर बाईनं पुन्हा त्या गाडीत पाऊल टाकलं नसेल. टाकलं! परीक्षा तोंडावर आली होती, आणि भुताला घाबरून शिकवणी बंद केली असं वहिनीला सांगण्यापेक्षा तिला भूत परवडलं असतं. फक्त त्यानंतर ती पाय सीटखाली घेऊन, घोट्यात घोटा अडकवून बसायला लागली. वहिनीनं पिंपं पाडली, कडेच्या दगडावर चाक चढवलं, चढावर गाडी मागे जाऊ दिली. ब्रेकताई घोटे आणखी घट्ट आवळायची. आणि प्रत्येक वेळी वहिनी उतरून बघून यायची, आणि ती चूक पुन्हा करायची नाही. हे असं होताना ब्रेकताईनं कधी बघितलंच नव्हतं. आपण आजवर असं होऊच दिलं नाही, हे तिला कळत होतं आणि कबूल करवत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या खऱ्या रस्त्यावर निघाल्या. दिवेलागणीची वेळ. गावाबाहेर बंद पडलेल्या कारखान्याची उंच भिंत आहे, आणि भिंत संपते तिथे उताराचा रस्ता आडवा येतो. भिंतीमुळे तो दिसत नाही. वहिनीनं तिथे गाडी थांबवली. काच खाली केली. वारा पडला होता. भिंतीवरच्या वेलीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"काय झालं?" ब्रेकताई म्हणाली.

"काही नाही... ऐकतेय."

"ऐकायचंय काय त्यात? एवढ्याशासाठी थांबलीस तर उद्या नापास करतील. काही येत नाहीये. चल!"

"वन्सं... दिसत नाही हो इथून."

"मला दिसतंय ना. चल म्हणते!"

तिला काही दिसत नव्हतं. तिला नुसती घाई झाली होती. वहिनीनं क्लच सोडला, गाडी हलली, आणि त्याच क्षणी गचका बसून इंजिन बंद पडलं.

ब्रेकताईनं खाली पाहिलं. तिचे पाय सीटखाली होते, घोट्यात घोटा. आणि शेजारचा ब्रेक पार तळाला गेलेला होता. त्यावर काहीही नव्हतं.

बोनेटच्या पुढून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, एक अवजड टँकर उतारावरून खाली गेला. दिवे बंद, इंजिन बंद. फक्त चाकांचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी वाऱ्यानं डचमळली. मग पुन्हा सगळं शांत.

पेडल सावकाश वर आलं.

"तुम्ही दाबलात?" वहिनीनं अगदी हळू विचारलं.

ब्रेकताईनं नकारार्थी मान हलवली. गाडीत पेपरमिंटचा वास इतका दाटला होता, की डोळ्यांना पाणी यावं. आणि आलंच पाणी. पेपरमिंटनं आलं असेल म्हणून तिनं ते पुसलं, तर आणखी आलं.

"दादा," ती पेडलकडे बघत म्हणाली, "चुकलं माझं. आत्ताचं तर चुकलंच... पण ते हॉर्नचंही. तू दोनदा वाजवलास. मी घरातच होते रे. पडद्याआड उभी होते. म्हटलं, तिसऱ्यांदा वाजव, म्हणजे येते. तू नाही वाजवलास, आणि मी... रोज संध्याकाळी माझे कान तिकडेच असतात. मला फार वाईट वाटतं. फार फार वाईट वाटतं." आणि ती हमसाहमशी रडायला लागली. एवढी मोठी बाई, पण लहान मुलीसारखी नाक ओढत रडली.

वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही पडद्याआड होतात ते. पडद्याखालून पाय दिसत होते म्हणे तुमचे. घरी आले ते हसतच. म्हणाले, आहे, ठणठणीत आहे, पडद्यामागून माझ्यावर दातओठ खातेय. राग उतरला की येईल. आणि दोन घास जास्तच जेवले त्या रात्री."

ब्रेकताईचं रडणं थांबलं. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"केव्हा सांगू? तुम्हाला तर कशाचंच वाईट वाटत नव्हतं!"

एक क्षण दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग त्या निर्मनुष्य रस्त्यावर, काळोख पडत असताना, दोघी इतक्या हसल्या की वहिनीला उचकी लागली. हसता हसता ब्रेकताईनं शेजारच्या ब्रेकवर पाय ठेवला. तो अलगद खाली गेला. खालून कुणी रेटलं नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला क्षणभर एकटं वाटलं.

वहिनी पास झाली. एका वळणावर चुकली, पण स्वतःच थांबली, गाडी मागे घेतली आणि नीट वळवली. परीक्षक म्हणाला, इतकं शांतपणे चुकणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. यथावकाश वहिनीला शिकवण्याचाही परवाना मिळाला. ब्रेकताईनं रस्त्यापलीकडची आपली शाळा बंद केली आणि ती दादाच्या शाळेत परत आली. ब्रेकताई हे नाव काही सुटलं नाही, पण आता तिच्या विद्यार्थ्यांनीही पिंपं पाडायला सुरुवात केली. पिंपं इतकी चेपली, की नवी आणावी लागली.

तिची स्वतःची गाडी तिनं विकायला काढली. घेणाऱ्याला घरच्यासाठी साधी गाडी हवी होती, म्हणून शेजारचा ब्रेक काढून टाकायला तिनं ती मिस्त्रीकडे पाठवली. त्याच दुपारी वहिनी आपला पहिला विद्यार्थी घेऊन बाहेर पडली होती, एकटी. ब्रेकताई ऑफिसात टेबलाशी बसून घड्याळाकडे बघत होती. फोन वाजला.

"ताई..." मिस्त्रीचा आवाज खाली आला होता. "ते पेडल काढलं. स्प्रिंगसकट बाकावर ठेवलंय. गाडी तिकडे, पेडल इकडे."

"बरं मग?"

"ते खाली जातंय... आपोआप. दाबल्यासारखं. मग वर येतंय. पुन्हा खाली..."

ब्रेकताईनं फोन कानाशी घट्ट धरला. "पेपरमिंटचा वास येतोय का रे?"

"नाही. आणि ही गाडी तर तुमची. दादांनी हिच्यात कधी पाय ठेवला नाही... हे बघा, आत्ता गेलं. पुन्हा गेलं..."

ब्रेकताईनं टेबलाखाली पाहिलं. तिचा उजवा पाय फरशी दाबत होता. सोडत होता. पुन्हा दाबत होता.

तिनं श्वास रोखून तो पाय वर उचलला.

"थांबलं," मिस्त्री म्हणाला.

तिनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मांडी घालून बसली. बाहेर कुठेतरी वहिनीच्या शेजारी तो नवशिका आपली पहिली चूक करत असणार. ब्रेकताईच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती, पण तिनं पाय खाली सोडला नाही.

"ताई," फोनमधून मिस्त्री कुजबुजला, "आता ते नुसतं थरथरतंय..."